आधी काळोख बघा

समोरच्याच्या कपाळावरचा दिवा डोळ्यांत आला की ते रागवायचे नाहीत. नुसता हात पुढे करायचे आणि तळवा त्या दिव्यावर ठेवायचे, लहान मुलाचा ताप बघतात तसा. बोटांच्या फटींतून लाल उजेड झिरपायचा आणि ते म्हणायचे, “माणसाशी बोलताना दिवा खाली.”

नाव सांगत नाही, त्यांना आवडलं नसतं. मुलुंडच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे. मीही म्हणायचे, जरी ते माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठे होते. मला ते वहिनी म्हणत. दुकान एवढंसं. दोघं आत उभे राहिले तर तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. पुढे दुरुस्तीला आलेले मिक्सर, इस्त्र्या, पंखे. मागच्या भिंतीवर मात्र खिळ्यांना ओळीने लटकलेले हेडलॅम्प, पट्ट्याने कपाळावर बांधायचे दिवे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी विक्रोळीच्या एका कारखान्यात काढली, पण सुट्टी मिळाली की माणसं गोळा करून रानात. ताडपत्री बांधून झोपायचं, सुक्या काटक्या ओळखून जाळ करायचा, तीन दगडांवर भात शिजवायचा. त्या वेडातून ही भिंत उभी राहिली होती.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आमच्या हास्यक्लबातल्या सात-आठ बायकांनी ठरवलं, शहापूरच्या पुढे एका ओळखीच्यांच्या रानात दोन रात्री राहायचं, असंच, उघड्यावर. लेकाने पत्र्याच्या डब्यासारखं तोंड केलं. “आई, बासष्टाव्या वर्षी तुला जंगलात काय शिकायचंय?” म्हटलं, जाळ करायला. गॅसवर आयुष्य गेलं रे.

मग दिवा घ्यायला गेले. म्हटलं, “काका, सगळ्यात जोरदार दाखवा.”

“सगळे तेच मागतात,” ते म्हणाले. “आधी काळोख बघा.”

आणि मला चक्क मागच्या कोठीत बसवलं. दुपारचे बारा, बाहेर रिक्षांचा गोंगाट, आणि आत काळं गोणपाट लावलेली ती खोली. एक स्टूल. जुन्या वायरींचा आणि तेलाचा वास. दाराबाहेरून त्यांचा आवाज, “काय दिसलं?”

“काय दिसणार? काळोख.”

“मग अजून बसा.”

बसले. आणि खरं सांगते, हळूहळू तो काळोख दूध नासतं तसा फुटायला लागला. दाराखालची बारीक रेघ आली. मग स्टुलाचा पाय. मग माझ्याच हातातल्या बांगड्या, जणू तळ्याच्या तळाशी पडल्यात.

“काका, बांगड्या दिसल्या.”

“झकास. आता दिवा घ्या.”

मग त्यांनी माझ्या कपाळावर एकेक दिवा चढवला. हातात गाठ पडलेली सुतळी दिली, पुढ्यात खडे मिसळलेल्या तांदळाची थाळी ठेवली. “रानात रात्री कामं हीच. गाठ, भात आणि आपलं पाऊल. त्याला लागेल तेवढाच उजेड घ्यायचा.” जोरदार दिवा लावला तर थाळी पांढरीफटक, खडेसुद्धा तांदूळच वाटले. “हा घेतलात तर तोंडापुढे भिंत उभी राहील. भिंती बघायला शहापूरला कशाला जाता? मुलुंडात आहेत की.”

मग म्हणाले, “मान हलवा. जोरात. अंगात आल्यासारखी.” मी हलवली. दोन दिवे नाकावर घसरले, ते बाद. बटण बोटांनी चाचपून सापडलं पाहिजे. कोपऱ्यावरच्या टपरीत मिळतो तोच सेल लागला पाहिजे. मंद उजेड खरंच मंद हवा, आणि एक लाल उजेड हवा, त्याने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. “पिशवीत ठेवताना एक सेल उलटा घाला, म्हणजे धक्क्याने दिवा आतल्या आत जळत राहत नाही. आणि जेवताना कपाळावरून काढून लांब फांदीला टांगा, वहिनी. नाहीतर किडे आमटीत.”

मी टांगला नाही. त्यामुळे किडे आमटीतच पडले, हेही सांगून टाकते.

परत आले तर दुकानात शिरायच्या आत प्रश्न. एरवी ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण मन हललं की कुडाळचं बोलणं वर यायचं. “काय बघलात ता सांगा.” हातातली इस्त्री बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि मी सांगत गेले. पळसाखालचा पाचोळा, विझत आलेल्या लाकडाची लाली, पहाटे गवतावरचे कोळ्याचे धागे. दिवा नेणाऱ्या प्रत्येकाकडून ते असं रान मागून घ्यायचे. मला वाटलं, हौस असेल.

त्यांची एक गंमत गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. दिवेलागणीच्या आधी दुकान बंद. समोरचा इस्त्रीवाला टोमणा मारायचा, “काका, दिवे विकता आणि अंधाराला घाबरता?” ते हसून शटर ओढायचे.

एका थंडीत त्यांना उशीर झाला. मी भाजी घेऊन येत होते. पाहते तर काका गटाराच्या कठड्याला धरून उभे, एक पाय पुढे टाकतात, मागे घेतात. देवा, हे प्यायला कधी लागले, असं माझ्या मनात आलं. “काका?” म्हणत जवळ जाऊन हात धरला तर हात थंडगार.

“वहिनी?” त्यांनी आवाजावरून ओळखलं. “रात्रीचं दिसत नाही हो. सहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, हळूहळू दिवसाचंही जाईल. कोणाला बोलू नका. आंधळ्याकडून दिवा कोण घेईल?”

घरापर्यंत सोडलं. दारात म्हणाले, “दुकानाचं काय, ते बंद होईल. एकदा रानात बसायचं होतं. रात्रीचं. दिवसाचं डोळ्यांतून जायच्या आत.”

पुढच्या खेपेला मी त्यांना नेलं. बायकांना सांगितलं, शिकवायला गुरुजी आणलेत. त्यांचं गुपित माझ्यापाशीच. सूर्य बुडेपर्यंत ते राजासारखे वावरले. ताडपत्रीची गाठ, वाऱ्याची दिशा, कोणती काटकी धूर करते, सगळं. पण पाण्यावरून परत यायला उशीर झाला आणि पायवाट काळी पडली. काकांनी आपला नेहमीचा मंद दिवा लावला. त्यांना त्यात काही दिसेना. चालता चालता उभेच राहिले. बायका पुढे निघून गेल्या होत्या.

मी पिशवीतून दुसरा दिवा काढला. त्यांच्याच भिंतीवरचा, सगळ्यात जोरदार, ते दुकानात नसताना त्यांच्या पुतण्याकडून घेतलेला. माझ्या कपाळावर चढवला आणि पूर्ण जोरात लावला. सगळं रान भाजल्यासारखं पांढरं झालं. काकांचा हात सवयीने वर आला, माझ्या कपाळापर्यंत आला, आणि हवेतच थांबला.

“दिवा खाली करू?” मी विचारलं.

त्यांनी हात खाली घेतला. मग म्हणाले, “नको. ऱ्हवांदे. पाऊल दिसता माका.”

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते आले. जन्मभर ज्या उजेडाला त्यांनी भिंत म्हटलं, त्या उजेडातून.

जाळ विझल्यावर त्यांनी सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. अमावस्येच्या आसपासची रात्र, हाताला हात दिसेना. “आता आपण सगळी सारखी,” ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं मला एकटीला कळलं. मग ते सांगत गेले आणि आम्ही ऐकत गेलो. डावीकडे रातवा पक्षी बोलतोय. ते सुकं पान पडलं, ते सागाचं, मोठं असतं. तो वारा अजून टेकडीपलीकडे आहे, येतोय बघा. आणि खरंच थोड्या वेळाने तो आमच्या चेहऱ्यांवर आला. त्या रात्री आम्हां सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसत होतं.

गेल्या वर्षी ते गेले. कुडाळला, भावाच्या घरी, झोपेत. शेवटी दिवसाचंही दिसत नव्हतं. फोन केला की पहिला प्रश्न तोच, काय बघलात ता सांगा. मग मी बाल्कनीतली कुंडीसुद्धा रंगवून सांगायचे.

दुकानाच्या जागी आता आइस्क्रीमवाला आलाय. कोठीची भिंत पाडून आत टेबलं मांडलीत, छतभर पांढरे दिवे, कुठे सावली म्हणून नाही. परवा नातीला घेऊन गेले. अंदाजाने खुर्ची सरकवून जिथे ते स्टूल होतं तिथे बसले, आणि डोळे मिटून घेतले.

नात हात ओढायला लागली. “आजी, झोपलीस?”

“नाही गं,” म्हटलं. “बांगड्या दिसेपर्यंत थांब.”