किडनी कुणी दिली?

"क्रिएटिनिन नऊच्या वर आहे," सांगलीचे डॉक्टर म्हणाले. क्रिएटिनिन म्हणजे रक्तातला कचरा, किडनी तो बाहेर टाकते. शैलाच्या दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. आम्ही तर पायांवरच्या सुजेसाठी गेलो होतो.

शैला आणि मी कितीतरी वर्षं एकत्र राहतो. जोडपं म्हणून. कायद्यानं आमचं प्रेम आता गुन्हा नाही, पण आमचं लग्नही होत नाही.

डायलिसिस सुरू झालं. म्हणजे यंत्रानं रक्त धुवायचं, दिवसाआड. तिथल्याच बाकावरून मी तिच्या भावाला, उंब्रजच्या आनंदरावांना, फोन लावला. त्यांचा रक्तगट जुळत होता.

"तिला आदी हिकडं धाडा," ते म्हणाले. "तुमचं ते नातं मोडल्याबिगर म्या कायबी देणार न्हाई."

शैला म्हणाली, "मेले तरी जाणार नाही."

मग माझीच किडनी द्यायची ठरवून मी तपासण्या करून घेतल्या. जुळल्या. पण नवरा-बायकोला जे सरळ देता येतं, त्यासाठी मला अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभं राहावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली तर एकत्र राहिल्याचे पुरावे आधीच जमवून ठेवा.

एक सदस्य म्हणाले, "परदेशात अशा लग्नांचा कायदा झाला, तरी तुमच्यातले सगळे कुठं लग्न करतात?"

"ज्यांना नको ते नाही करत. आम्हाला हवंय," मी म्हणाले. "कायदा असता तर मी आज इथं नाही, ऑपरेशनच्या टेबलावर असते."

परवानगी मिळाली. पुण्यात ऑपरेशन झालं. नवी किडनी चालू झाली हे सांगायला नर्सनं शैलाची लघवीनं भरलेली पिशवी उचलून दाखवली, तेव्हा आम्ही दोघी रडलो. त्या नर्सला मी विसरणार नाही.

आनंदरावांनाही नाही. बहिणीला किडनी आपणच दिली, असं ते गावभर सांगत होते. मुलीच्या साखरपुड्याला त्यांनी शैलाला बोलावलं. लाजेपोटी आम्ही गप्प बसू, हा त्यांचा हिशेब. मी मुद्दाम बरोबर गेले.

सरपंच त्यांना सत्काराचा फेटा बांधायला उठले. मी शैलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "दाखव."

मी पुढे होऊन कुशीवरचा पदर सारला. वीतभर व्रण. "आनंदराव, आता तुमचा दाखवा."

"आवं, पाव्हणं हायत. मागनं बोलू."

"काढ की रं सदरा," त्यांची म्हातारी आत्या ओरडली. "किडनी दिलीस न्हवं?"

त्यांनी सदरा काढला नाही. सरपंचांनी फेटा खुर्चीवर ठेवला. आनंदरावांची मान खाली गेली, ती मी डोळे भरून पाहिली.

आजारपण क्षमा शिकवतं म्हणतात. मला नाही शिकवली. परतीच्या वाटेवर शैला बाटलीभर पाणी घटाघटा प्यायली. डायलिसिसवर पाणी मोजूनच प्यायचं असतं, तेव्हा तिला घोटाघोटाला विचारावं लागायचं. मी गाडी थांबवली आणि तिच्यासाठी आणखी एक बाटली घेतली.