शेवटच्या कडव्यातलं नाव

दादा गेल्यावर त्याची गाण्यांची वही माझ्याकडे आली. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता आणि वस्तीतल्या गायन पार्टीसाठी भीमगीतं लिहायचा. वहीत त्याची गाणी होती, तशी इतरांची ऐकून उतरवून घेतलेलीही होती. सगळी त्याच्याच अक्षरात. कोणतं कुणाचं, हे शेवटच्या कडव्यावरून कळायचं; लिहिणारा तिथे आपलं नाव गुंफतो, अशी आमच्याकडची रीत आहे. एका गाण्याची मात्र दोनच कडवी होती.

दादाला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, तेच गाणं व्हावं, असं माझ्या भाचीच्या, म्हणजे दादाच्या मुलीच्या मनात आलं. तिने वहीच्या पानांचे फोटो एआयला दिले आणि तिसरं कडवं मागितलं. चहा उकळेपर्यंत ते आलंसुद्धा. त्यात दादाचं नाव होतं, अगदी तो घालायचा तसं, ओळीच्या मध्यावर. मला ते आवडलं, हे लिहायला हवं. मी ग्रंथालयात नोकरी केलेली बाई. कोणत्या मजकुरावर कुणाचं नाव लागतं, हे पाहण्यातच माझी वर्षं गेली. तरी मी गप्प राहिले. इतक्या महिन्यांनी तो काही नवीन बोलला होता.

पार्टीचा म्हातारा गायक, दादाचा जोडीदार, कागद वाचून म्हणाला, "ताई, हे कडवं कवा लिवलं ह्यानं? लई भारी हाय की."

भाची माझ्याकडे बघत राहिली.

"जित्तेपणी यमकासाठी माझं डोकं खायचा. आता गेल्यावर जुळाया लागलं व्हय!" तो हसला आणि मग उपरण्याने डोळे पुसत बसला. त्यानंतर त्याला खरं सांगणं आम्हा दोघींनाही जमलं नाही.

गाणं झालं. नावापाशी बायका रडल्या. भाचीने व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

महिनाभराने मोहोळकडच्या एका पार्टीने तेच गाणं टाकलं. चाल तीच, पहिली दोन कडवी तीच. तिसरं वेगळं, आणि त्यात दुसऱ्याच कवीचं नाव. भाचीने चिडून फोन लावला. पलीकडचा माणूस मुळीच भांडला नाही. "आमच्या वडलांचं गाणं हाय ते, ताई. तुमच्याकडं कुणीतरी ऐकून लिवून घेतलं आसंल."

तिने त्या व्हिडिओविरुद्ध तक्रार केली. साइटने पुरावा मागितला, तेव्हा आम्ही ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी वही सावकाश चाळली.

"अक्षर तुमच्या वडिलांचं आहे, मान्य. पण यात दुसऱ्यांचीही गाणी आहेत. हे त्यांचंच, कशावरून?"

"तिसऱ्या कडव्यात नाव आहे त्यांचं," भाची म्हणाली.

"दाखवा बरं वहीत."

मग तिने सगळं सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते कडवं तर मशीनचं. त्यावर कॉपीराइट सांगणं अवघड. आणि तेच पुरावा म्हणून दिलंत, तर खोटा पुरावा दिल्यासारखं होईल. मूळ दोन कडव्यांवरही मग कुणी विश्वास ठेवणार नाही."

रिक्षात माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. दादाने नाव घातलं नव्हतं, ते गाणं अपुरं राहिलं म्हणून, की ते त्याचं नव्हतंच म्हणून? ऐकलेल्या गाण्याची दोनच कडवी त्याच्या ध्यानात राहिली असतील का? तो असता तर एका शब्दात सांगितलं असतं. मी मात्र त्याच्या हयातीत ती वही एकदाही मागून घेतली नव्हती. घरी बसून लिहिलेल्या या गाण्यांपेक्षा मला छापील पुस्तकं मोठी वाटायची.

दुसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

"आत्या, पप्पांनीच लिहिलंय ना ते?"

"मला तसं वाटतं," मी म्हणाले.

"वाटतं?"

मी वहीतलं ते पान पुन्हा उघडलं.

"तक्रार मागे घेते मग," ती म्हणाली. मी ‘घे’ म्हणाले नाही, आणि ‘नको’ म्हणायलाही माझ्याकडे काही आधार नव्हता.