सदूच्या छातीतली देवी

सड्याखालच्या, म्हणजे कातळी पठाराखालच्या वाडीत सदू जन्मला, तेव्हा सुईण म्हणाली होती म्हणे, की एवढ्याशा पोराला पाळणा कशाला, सूप पुरेल. ही गोष्ट वाडीनं त्याला तीस वर्षं ऐकवली. तो रत्नागिरीला एका लाकडाच्या वखारीत कामाला होता, पण तिथंही ओंडके उचलायचं काम दुसऱ्यांचं. सदूनं टेप धरायची आणि मापं सांगायची. माणूस प्रामाणिक, कामाला वक्तशीर, बायको सगुणा त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच. एवढ्यावर एखाद्याचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण सदूच्या घराण्याला पालखीच्या पुढच्या दांडीचा मान होता, आणि तिथंच सगळं बिनसलं.

शिमग्यात देवी नवलाईची पालखी देवळाबाहेर पडते. सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर बसते आणि मग मानकरी तिला खांद्यावर घेऊन नाचवतात. पुढची दांडी ज्याच्या खांद्यावर, त्याच्याकडे वर्षभर वाडी जरा मान वर करून बघते. सदूचा बाप वारला, तेव्हा सदूची एकंदर तब्येत पाहून गावकऱ्यांनी ठरवलं, की तात्पुरती ही दांडी त्याचा चुलतभाऊ काशीराम घेईल. हे तात्पुरतं प्रकरण सात वर्षं चाललं. काशीराम दर साली शिमग्याआधी सदूच्या अंगणात यायचा, त्याच्या दंडाकडे बघायचा आणि अगदी मायेनं म्हणायचा, की यंदाही राहू दे रे, उगाच पडशील. त्या मायेचा सदूला फार राग यायचा.

गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी वाडीतलाच गिरणी कामगार बाबल्या मुंबईहून परत आला. गिरणी बंद, खोली सुटली, पण बाबल्या रिकाम्या हातानं आला नव्हता. त्यानं एक लोखंडी दांडा, दोन स्प्रिंगा, तेल चोपडलेल्या पैलवानांची चित्रं आणि औषधांचं एक खोकं आणलं. काजूच्या बंद पडलेल्या शेडमध्ये त्यानं व्यायामशाळा काढली. लोखंडी वजनं महाग, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांना भोकं पाडून ती दांड्याला अडकवली. बाबल्याची स्वतःची छाती आत गेलेली होती आणि पोट बाहेर आलेलं. पण शिकवणाऱ्यानं स्वतः करून दाखवलंच पाहिजे असं कुठं आहे, असा त्याचा सवाल होता, आणि वाडीतल्या शाळेचा अनुभव असल्यामुळे कुणालाच तो सवाल चुकीचा वाटला नाही.

सदू सहा महिने चिरे उचलत राहिला. अंगाला घाम आला, मांस आलं नाही. मग बाबल्यानं खोकं उघडलं. त्यात बारीक गुलाबी गोळ्या होत्या आणि तेलकट औषधाच्या काचेच्या कुप्या. मुंबईचे सगळे पैलवान हेच घेतात, असं त्यानं सांगितलं. हे काय असतं असं सदूनं विचारलं, तेव्हा 'ताकद' एवढंच उत्तर मिळालं. ताकदीत वाईट काय असणार. सदूनं गोळी गिळली आणि दर आठवड्याला शेडच्या मागं जाऊन सुई टोचून घेऊ लागला.

मग मात्र सदू फुगला. पावसाळ्यात काकडीचा वेल मांडवावर चढावा तसं त्याच्या खांद्यावर मांस चढलं. मान गेली, तिच्या जागी खांदेच आले. पाठीवर पुळ्या आल्या, तोंड तेलकट झालं, आवाज चढला. सगुणेनं एका वर्षात त्याच्या तीन सदऱ्यांच्या शिवणी उसवल्या आणि चौथ्यांदा दोरा फेकून दिला. घरातल्या कोंबड्यांची अंडी बाजारात जायची बंद झाली. वखारीत त्यानं टेप टाकून ओंडका उचलला, तेव्हा मालकानं त्याला चहा पाजला. पूर्वी जे त्याला सुपाची गोष्ट ऐकवायचे तेच आता 'सदूशेठ' म्हणू लागले. शिमग्याच्या पंधरा दिवस आधी काशीराम अंगणात आला, दंडाकडे बघितलं आणि आल्या पावली परत गेला. सदूला त्या दिवशी इतका आनंद झाला, की तो परसात जाऊन एकटाच रडला.

त्या शिमग्याला सदूनं पुढची दांडी खांद्यावर घेतली. ढोल वाजले, पालखी नाचली, सदू नाचला. चौथ्या फेरीला त्याच्या छातीत काहीतरी सुटलं. आधी ठोके एकावर एक पडले, मग एक गळाला, मग पुन्हा पाचसहा धावत आले. डोळ्यांपुढं काजवे चमकले, अंग थरथरलं, हातापायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या कुठल्या गावात असतं तर कुणी त्याला खाली बसवून वारा घातला असता. पण ही शिमग्याची सहाण होती, आणि शिमग्याच्या सहाणेवर थरथरणाऱ्या माणसाचा एकच अर्थ वाडीला ठाऊक होता. केरू गुरवानं पुढं होऊन त्याच्या कपाळी अंगारा लावला आणि हात जोडून विचारलं, की आई, काय मागणं आहे. सदूच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं कसंबसं 'पाणी' म्हटलं.

पाणी आणायचं कुणालाच सुचलं नाही. देवीनं पाण्याचा विषय काढला म्हणजे वरच्या अंगाला विहीर खणावी, असं त्याच जागी ठरलं. विहीर खणली, आणि दुर्दैव असं की तिला पाणी लागलं.

आता सदूची सुटका नव्हती. सात वर्षं दांडी परक्या खांद्यावर होती म्हणून देवी गप्प होती, खऱ्या खांद्यावर येताच बोलली, असा हिशोब वाडीनं मांडला. ज्याच्या खांद्यावर पुढची दांडी त्याच्याच अंगात नवलाई, असा नियमही करून टाकला. दर रविवारी सदूच्या ओटीवर नारळ घेऊन माणसं बसू लागली. कुणाची म्हैस आटली, कुणाचा मुलगा मुंबईहून पत्र धाडत नाही. देवी कधी यायची, कधी नाही. मग सदूला हळूहळू कळलं, की रविवारी सकाळी गोळी जरा जास्त घेतली आणि परसात चार वेळा चिरे उचलले, की देवी बरोबर नवाला येते. यात आपण कुणाला फसवतो असं त्याला वाटत नव्हतं. देवीला बोलवायला कुणी ढोल वाजवतं, आपण चिरे उचलतो, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. सूपभर जन्मलेल्या माणसाच्या अंगात देवी राहायला आली होती, ती कशी आली हे खोदून विचारायची इच्छा कुणाला होईल?

विचारलं ते सगुणेनं. एका दुपारी जेवून तो कलंडला असताना तिनं त्याच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मग उठून म्हणाली, "दोगी जनी उखळात कांडतात तवा मुसळं पाळीपाळीनं पडतात. तुमच्या छातीत तिसरी कोन शिरलीय, तिला पाळी ठावं नाय. रत्नागिरीला चला."

सदू चिडला. आताशा तो कशावरही चिडायचा. पण सगुणा दोन बोटं उंच होती ती अजून होतीच, त्यामुळे सोमवारी दोघं एस्टीत बसली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीवर गार वाट्या चिकटवून कागदाची लांब पट्टी काढली. तिच्यावरच्या रेघा कुठं दाटीनं आल्या होत्या, कुठं मध्येच मोकळी जागा होती. त्यांनी विचारलं, औषधं काय घेता. सदू अभिमानानं म्हणाला की औषध एकही नाही, फक्त ताकदीच्या गोळ्या आणि सुया. डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी समजावलं, की काळीज हेही मांसच असतं. दंड फुगवणाऱ्या गोळ्यांनी ते जाड होतं, बिघडतं आणि आपली चाल सोडतं, आणि वर एवढं वजन उचललं तर एक दिवस ते थांबेल. गोळ्या बंद, सुया बंद, चिरे बंद, पालखी बंद. या दुसऱ्या गोळ्या दोन वेळा घ्यायच्या आणि दर महिन्याला येऊन दाखवायचं. सदूनं एवढंच विचारलं, की या घेतल्यावर छातीतलं ते येणं बंद होईल का. डॉक्टर म्हणाले, व्हायलाच पाहिजे. त्यांना वाटलं, त्यांनी रोग्याला धीर दिला.

वाडीत ही बातमी सदूच्या आधी पोचली. देवी घालवायचं औषध सदूनं आणलं, एवढाच तिचा मजकूर होता. संध्याकाळी देवळात बैठक बसली. माणसं वाईट नव्हती. त्यांचं म्हणणं इतकंच होतं, की काळीज सदूचं असलं तरी देवी गावाची आहे, तेव्हा तिला विचारावं. केरू गुरवानं कौल लावला. मूर्तीला पाण्यानं दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर औषध घ्यावं, डावी पडली तर घेऊ नये. डावी पडली. केरूनं डावीला पाणीच कमी लावलं होतं असं सगुणा आजही सांगते, पण बायकांचं त्या बैठकीत काही चालत नव्हतं. कौल मोडणाऱ्याला वाळीत टाकायची रीत होती, आणि ती मात्र कुणाला मुद्दाम सांगावी लागली नाही.

सदूनं डॉक्टरांच्या गोळ्या फळीवर ठेवल्या आणि बाबल्याच्या चालू ठेवल्या. महिन्याभरात तो वखारीत ओंडक्यासकट पडला. शुद्धीवर आला तेव्हा तोंडात भुसा होता, आणि त्याला साधी, स्वच्छ भीती वाटली. आपण मरणार, आणि मेल्यावर वाडी म्हणणार की देवीनं नेला. त्याला मरणापेक्षाही त्या बोलण्याची जास्त चीड आली. घरी येऊन त्यानं बाबल्याच्या उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून सगुणा दार ओढून घेऊन त्याला पेजेबरोबर डॉक्टरांची गोळी देऊ लागली. वाडीला सांगितलं, देवी विश्रांती घेते आहे. वाडीला हे पटलं. देवी बाईमाणूस, तिलाही थकवा येणारच.

शिमगा आला तोवर सदूचे खांदे उतरले होते आणि काळीज सरळ चालू लागलं होतं. त्याच्या छातीत आता काहीच होत नव्हतं, आणि तीच पंचाईत होती. सहाणेभोवती सगळी वाडी उभी होती. दांडी खांद्यावर घेतली तर डॉक्टरांनी सांगितलेलं व्हायचं. नाही म्हटलं तर कौल मोडल्याचं उघड व्हायचं, आणि सगुणेला विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं, ज्या विहिरीचं पाणी सदूच्या छातीनं शोधलं होतं त्याच विहिरीवर. केरूनं गाऱ्हाणं, म्हणजे गावाच्या वतीनं देवीची विनवणी सुरू केली. ढोल वाजले. सदूनं सगुणेकडे बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात पदराचं टोक चावत उभी होती.

मग सदू थरथरला. कसं थरथरायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? डोळे फिरवले, दात वाजवले, हात वर केले. ढोल थांबले. केरूनं अंगारा लावून विचारलं, आई, काय मागणं आहे.

"माज्या झाडाचं काळीज थकलंय," सदू म्हणाला. देवी ज्या माणसाच्या अंगात येते त्याला झाड म्हणतात. "त्येला डाक्तरचं औषध घेव द्या. दांडी काशीरामाच्या खांद्यावर द्या."

"व्हय म्हाराजा," सगळी वाडी एका आवाजात म्हणाली.

वर्षभरात देवी इतकं शहाणं कधी बोलली नव्हती, आणि बोलली ती नेमकी नसताना. सदू घरी आला, भिंतीला टेकून बसला आणि त्यानं छातीवर हात ठेवला. ठोके पाळीपाळीनं पडत होते. मान गेला याचं त्याला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण सगुणेनं सर्वांदेखत, दार सताड उघडं ठेवून, त्याला गोळी दिली, आणि ती गिळताना त्याला फार बरं वाटलं.

गोष्ट इथंच संपती तर बरं होतं. पण दांडीबरोबर नियमही काशीरामाच्या खांद्यावर गेला होता. ज्याच्या खांद्यावर दांडी त्याच्या अंगात देवी. काशीराम सात वर्षं दांडी वागवूनही कधी थरथरला नव्हता, त्यामुळे वाडी आता त्याच्याकडे जरा संशयानं बघू लागली. गणपतीच्या आधी काशीरामाचे खांदे वर आले, पाठीवर पुळ्या आल्या. सदू त्याच्या परसात गेला, तेव्हा तिथं भोकं पाडलेले चिरे मांडून ठेवले होते.

सदूनं त्याला सगळं सरळ सांगितलं. "काशा, ती देवी नव्हती रे. बाबल्याच्या गोळ्या व्हत्या. मना डाक्तरनं पट्टी काडून दावलीय."

काशीरामानं त्याच्या उतरलेल्या दंडाकडे बघितलं. पूर्वीच्याच मायेनं म्हणाला, "देवी निगून गेली की मानूस असंच बोलतो, सदू. तुजी चूक नाय."

दिवाळी झाली आणि नवलाई काशीरामाच्या ओटीवर येऊ लागली, बरोबर नवाला. सदूनं दोन रविवार लांबून बघितलं. काशीरामाचा गळ्याखालचा भाग कसा उडतो, मध्येच कसा थांबतो, हे त्याला अंगणाच्या पलीकडूनही कळत होतं. तिसऱ्या रविवारी त्यानं एक नारळ घेतला आणि रांगेत बसला. माणसाचं कुणी ऐकत नाही हे त्याला आता पुरतं कळलं होतं. त्याची पाळी आली, तेव्हा त्यानं नारळ पुढं ठेवला आणि हात जोडले.

"आई," तो म्हणाला, "तुज्या ह्या झाडाला रत्नागिरीला डाक्तरकडं न्हेव का? तू व्हय म्हन, म्हंजे गाव आडवायचा नाय."

काशीराम थरथरत होता. त्याचा एक डोळा उघडला. नजर आधी सदूकडे गेली, मग ओटीवर बसलेल्या माणसांकडे, मग खुंटीवर टांगलेल्या शिमग्यातल्या मानाच्या फेट्याकडे. त्याला सदूचं बोलणं पटलं होतं, हे सदूनं त्या डोळ्यात स्पष्ट वाचलं. मग डोळा मिटला.

"शिमगा होव दे," देवी म्हणाली.

"व्हय म्हाराजा," ओटीवरची सगळी माणसं म्हणाली, आणि सवयीनं सदूच्या तोंडूनही तेच निघालं.