त्याच्या ढिगाला वळसा

बाजार समितीच्या संचालकांची मुदत संपली आणि निवडणूक पुढे पुढे ढकलली जाऊ लागली, तेव्हा सहकार खात्याने मला तिथे प्रशासक म्हणून पाठवलं. सभापतींची खुर्ची एवढी उंच होती की बसल्यावर माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. मी खाली एक वीट ठेवून घेतली आणि कारभार सुरू केला.

थोड्याच दिवसांत नवेगाव बांधकडचा एक शेतकरी लेखी तक्रार घेऊन आला. बाजार समितीचा सेस व्यापाऱ्याने भरायचा असतो, कायदा तसाच आहे. पण आमच्याकडे तो शेतकऱ्याच्याच धानाच्या पैशातून कापतात आणि सगळे गप्प बसतात. हा बसला नाही. मला भारी आनंद झाला. मी व्यापाऱ्याला नोटीस काढली, कापलेले पैसे परत द्यायला लावले आणि घरी नवऱ्याला ही हकीकत दोनदा ऐकवली.

काही दिवसांनी तो शेतकरी उरलेला धान घेऊन आला. यार्डात धानाचे ढीग ओळीने लागतात आणि लिलाव ढिगाढिगापाशी चालत जातो. पुढे बोली पुकारणारा, मागे व्यापाऱ्यांचा घोळका. प्रत्येक ढिगाशी व्यापारी वाकतात, मूठभर धान उचलून तळहातावर चोळतात, एखादा दाणा दाताखाली फोडतात आणि मग भाव बोलतात. त्या दिवशी घोळका त्याच्या ढिगाशी आला आणि वळसा घालून पुढे गेला. भांडण नाही, शिवी नाही. पुढच्या ढिगाशी सगळे पुन्हा वाकले.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा मी खाली उतरले.

"मॅडम, माल पसंद नहीं आया," नोटीस मिळालेला व्यापारी हसत म्हणाला. "लेना ही पड़ेगा, ऐसा कोई कानून है क्या?"

नव्हता. मी वाकले, एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्ट वाजला. "सूखा तो है," मी म्हणाले.

"तो आप ले लीजिए."

सगळे हसले. रागाने माझे कान तापले. मी तडक वर ऑफिसात आले.

मी जिल्ह्याच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, शेतकऱ्याची लेखी तक्रार घ्या, मग पाहू. मी ढिगाशी जाऊन त्याला तसं सांगितलं.

"पयलीच तक्रार भोवून राहिली जी," तो म्हणाला.

"मग माल परत नेता का?"

"कायच्यानं नेऊ? भाड्याचा टॅक्टर निंगून गेला. सरकारी खरेदी केंद्रावर बारदाना नाई, पोत्यायबिगर माप बंद. अन् वर पाहा."

वर आभाळ भरून आलं होतं. शेडमध्ये व्यापाऱ्यांच्या पोत्यांच्या थप्प्या होत्या. त्या हलवायचा आदेश मी आल्याच दिवशी काढला होता आणि थप्प्या जागच्या हलल्या नव्हत्या. ऑफिसातली एक जुनी ताडपत्री तेवढी मी त्याला देऊ शकले. सही, शिक्का, गाडी सगळं माझ्याकडे होतं, आणि एका माणसाला कमरेतून वाकवणं मला जमत नव्हतं.

सकाळी येऊन पाहते तर ढीग जागेवर नाही. त्याने आणि त्याच्या साळ्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, धान पोत्यांत भरून ओळीच्या शेवटी नेऊन ओतला होता, साळ्याच्या नावाने. घोळका आला. सगळे वाकले, दाणे फोडले, भाव चढला. माल घेतला त्याच व्यापाऱ्याने. धान कोणाचा हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि नमस्कार केला.

दुपारी शेतकरी ताडपत्री परत द्यायला वर आला, घडी नीट घालून.

"गेला धान?"

"गेला जी."

"आणि सेस?"

"कापला."

"मग द्या ना तक्रार!" माझा आवाज चढला होता.

"कोणाच्या नावानं देऊ? धान तं साळ्याचा हाय." ताडपत्री त्याने कोपऱ्यात ठेवली. "तुमची बदली होऊन जाईन, मॅडम. मले पुढच्या साली बी येथंच यायचं हाय."

महिनाअखेरीच्या अहवालात सेसबाबतच्या प्रलंबित तक्रारींपुढे मी 'निरंक' लिहिलं. दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. साहेबांचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, तुम्ही तिथे गेल्यापासून सगळं सुरळीत झालं बघा.