फाटका फ्रॉक घेऊन या

दोन गॅदरिंग झाली आणि दोन्ही वेळेला माझी पोरगी मागे. एकदा ढग झाली, एकदा झाडांच्या रांगेत शेवटचं झाड. मी खाली तिच्या छोट्या भावाला कडेवर घेऊन टाचा उंच करून करून बघतेय, तर पुढच्या पोराचा मुकुट एवढा मोठा की त्याच्या मागे माझं लेकरू हाय की नुसता पडदा, तेच कळेना. मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्यात सगळ्यांची पोरं आली आणि माझीचा फक्त एक हात. घरी येऊन ती विचारते, "आई, मी दिसले?" मी बोलले, "दिसली की." दुसरं काय बोलणार.

तिला शाळेतून इंग्रजी गोष्टीची पुस्तकं मिळतात. आमी दोघी मिळून वाचतो, मी पण अक्षरं जोडत जोडतच वाचते, नववीनंतर घरच्यांनी लग्न लावून दिलं. त्या पुस्तकांतल्या घरांना आतून जिना असतो. प्रत्येक पोराला त्याची त्याची खोली, आई ओव्हनमधून केक काढते आणि कुत्रा पण सोफ्यावर. पोरगी चित्रावर बोट ठेवून विचारते, हे लोक कुठे राहतात? आमी घणसोली गावात राहतो, दुकानाच्या वर एक खोली, मोरी आतच, जिना बाहेरून, आणि तो एवढा अरुंद की सिलेंडरवाला शिव्या घालत चढतो. असल्या जिन्याची गोष्ट मी अजून वाचलेली नाय. सिरियलीत आमच्यासारखी बाई येते, चहाचा ट्रे ठेवते, मान खाली घालून जाते. कुठे जाते, तिचं पोर कोण सांभाळतं, काय नाय. मला वाटायचं, एकदा तरी कोणीतरी तिच्या मागे मागे त्या जिन्याने वर यावं.

म्हणून यंदा मीच टीचरला गाठलं. गेटपाशी मी एरवी लांबच उभी राहते, कारण आमच्या पोरीची सीट सरकारी कोट्यातली, फी लागत नाय, आणि मला सारखं वाटतं आपण काही जास्त बोललो की काढून टाकतील. नवरा ऐरोलीला एका कंपनीत हाऊसकीपिंगला हाय, तो रोज सांगतो, "तू तिथे तोंड उघडू नको, हो हो करायचं आणि यायचं." तरी मी एका दमात बोलले, "टीचर या वेळेला हिला पुढे घ्या ना हिचा आवाज मोठा हाय पाठ पण लगेच होतं." टीचर हसल्या. "बघू ना, मम्मी." तिथे सगळ्या आयांना मम्मीच बोलतात.

पुढच्या आठवड्यात पोरगी जिन्यावरून ओरडतच वर आली, "आई, मी मेन! मी मेन आहे!" मला एवढा आनंद झाला की मी खाली जाऊन दुकानवाल्याला सांगितलं, घरमालकीणबाईंना सांगितलं, गावाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टीचरनी मला गेटवर थांबवलं. "मम्मी, ऐका. नाटकात ती गरीब मुलगी आहे. बाकीची मुलं बर्थडे पार्टी सोडून तिला हेल्प करतात, अशी थीम आहे. तर ड्रेस भाड्याने वगैरे आणू नका हं, घरातलाच एखादा फाटका फ्रॉक घेऊन या. असेलच ना तुमच्याकडे."

बाजूला टॉवरमधली एक आई उभी होती, ती बोलली, "परफेक्ट दिसेल ती. एकदम नॅचरल."

मी हसले. मला अजून त्या हसण्याची किळस येते. मनात काय चाललंय ते एकीकडे आणि ओठ आपले आपणच फाकले, जसं काय मला कोणी शाबासकी दिली. वर बोलले पण, "हो टीचर, आणते."

घरी येऊन कपड्यांची सगळी पिशवी उपसली. फाटका फ्रॉक नव्हताच. फाटला की मी त्याच दिवशी सुई घेऊन बसते. पोरांना फाटकं घालून खाली पण पाठवत नाय, लोक बघतात. भरपूर असणाऱ्यांची पोरं गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स घालून मॉलला जातात, आमाला ते परवडत नाय.

नवरा बोलला, "अगं मग फाड एखादा. नाटकच तर हाय."

"तुमीच फाडा."

त्याने एक घेतला, उलटा केला, सुलटा केला, शिवण बघितली आणि ठेवून दिला. "हा चांगला हाय गं अजून."

तिकडे पोरगी मोरीच्या उंबऱ्यावर उभी राहून हात पसरून प्रॅक्टिस करतेय, "मला खूप भूक लागली आहे, कोणी मला खायला देता का?" वरणाच्या कुकरची शिट्टी होतेय आणि ही भूक लागली भूक लागली करतेय. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बंद कर ते. पण तिचा चेहरा एवढा खुललेला की मी कुकरच बंद केला.

शेवटी मी तिचा जुना पिवळा फ्रॉक धुऊन दिला. तो पूर्वी खिळ्याला अडकून पोटाजवळ फाटलेला, तिथे मी लाल कापडाचं फूल कापून लावलं होतं. नाटकाच्या दिवशी टीचर बघून बोलल्या, "अहो मम्मी, हा तर मस्त आहे! फाटका कुठाय?"

"फाटलावता टीचर, हे बघा, इथे. मी शिवला."

"पण लांबून दिसत नाही ना ते."

त्यांनी क्राफ्टच्या डब्यातून कात्री काढली. फ्रॉक पोरीच्या अंगावरच होता. खालून घेराला कात्री लावली, वर फाडत नेलं, फूल अर्धं लोंबायला लागलं. पोरगी पोट आत ओढून उभी, श्वास पण घेईना. मग काजळ आणि पावडर हातावर मिसळून तिच्या गालाला, गळ्याला चोळलं, त्याचा तो तेलकट, शिळा वास अजून माझ्या नाकात बसलाय. केस विस्कटले. छोटा माझ्या कडेवरून बहिणीकडे बघून रडायला लागला, त्याला ती ओळखूच येईना. मी काय केलं? टीचरपुढे वही धरतात तशी ती पावडरची डबी धरून मी उभी राहिले. शी.

नाटक सुरू झालं. ब्लेझर घातलेली पोरं केकभोवती नाचतायत, माझी पोरगी बरोबर मधे आली, हात पसरला, मोठ्या आवाजात वाक्य बोलली. पहिल्यांदा ती अख्खी दिसत होती, मधे कोणाचा मुकुट नाय, काय नाय. एक मुलगा केकची प्लेट घेऊन आला. "हे घे, तू खा."

आणि ती बोलली, "नको. मी जेवून आलेय."

हे मीच शिकवलंय तिला. कोणाच्या घरी गेलं, कोणी काही पुढे केलं, तर पोटात कावळे ओरडत असले तरी नको बोलायचं, जेवून आले बोलायचं. आमच्याकडे सगळ्या आया शिकवतात. चालायला लागल्यापासून पोरांना ते माहीत असतं, मांडीला चिमटे काढून काढून माहीत झालेलं असतं.

पडद्याआडून टीचर बोलल्या, "घे! घे ना!"

"नको नको, पोट भरलंय माझं."

त्या मुलाला काय करावं सुचेना. तो प्लेट धरून बोलला, "मग मी आता काय करू?"

अख्खा हॉल फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसतायत, बाप लोक मोबाईल वर करून शूटिंग करतायत. माझ्या मागे ती नॅचरलवाली बोलली, "सो क्यूट! कोणाची आहे गं ही?" मी वळले नाय. छोट्याला घट्ट धरून मी फक्त खाली फरशी बघत होते. त्यांनी तिला आता पाहिलं होतं, आणि हसण्यासारखं पाहिलं होतं.

नंतर टीचर रागातच होत्या. "मम्मी, घरी प्रॅक्टिस घ्यायची ना नीट. सगळा मेसेजच गेला. शनिवारी मोठ्या सरांसमोर परत शो आहे, आता दुसऱ्या कोणाला तरी घेते."

"हो टीचर. सॉरी टीचर."

आणि शाळेचा जिना उतरताना मला रडू आलं, ते कशाचं, तर रोल गेल्याचं. त्या घाणेरड्या रोलचं! मला माझीच एवढी घाण वाटली की काय सांगू.

घरी मोरीत बसवून खोबरेल तेलाने तिचं तोंड चोळलं, काजळ निघता निघेना, तिचे गाल लाल झाले. ती बोलली, "आई, मी विसरले नव्हते. मला पाठ होतं. पण सगळे बघत होते ना."

शनिवारी सगळ्या पालकांना यायचं कंपल्सरी होतं. या वेळेला त्या रोलला टॉवरमधली एक मुलगी होती. तिचा ड्रेस स्टेशनजवळच्या दुकानातून भाड्याने आणलेला, भिकाऱ्याचा ड्रेस म्हणून तयारच मिळतो, लाल निळी ठिगळं मशीनवर शिवलेली आणि वर कडक इस्त्री. तिने वाक्य छान म्हटलं, थरथरत बिरथरत. मुलाने प्लेट पुढे केली, तिने दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, गुडघ्यावर बसली. पुढे मोठे सर टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. एका बाईने डोळे पुसले. ह्याला मेसेज बोलतात.

माझी पोरगी माझ्या मांडीवर होती, छोटा दुसऱ्या मांडीवर. टाळ्या जरा थांबल्या आणि ती बोलली, "आई, तिने लगेच घेतलं. एकदा पण 'नको' नाय बोलली. शी."

मी पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. टीचर कडेलाच उभ्या होत्या, सीट डोळ्यांसमोर आली, नवऱ्याचं सांगणं आठवलं, सगळं. तिचा गरम श्वास माझ्या तळव्याला लागत होता, ओठ आत हलतच होते, थांबत नव्हते.

मग मी हात काढला.

ती परत तेच बोलली, आधीपेक्षा मोठ्याने, आणि पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी वळून तिच्याकडे बघायला लागल्या.