बरं वाटतंय म्हणून बंद केलेली गोळी

मित्रांनो, सकाळी बाईकवरून पाचूबंदरला मासळी आणायला निघालो आणि उमेळ्याच्या नाक्यावरच रेंगाळलो. गावात कोण वारलं ते लिहायच्या फळ्यावर पास्कू अंकल खडूने नाव लिहीत होते. वय एक्केचाळीस.

"कशाने गेला?"

"बीपी. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या. पूर्वी म्हातारेच लिहायचो रे. आता सगळे असेच, वाचले असते असे."

अंकलना पण बीपी आहे, म्हणून विचारलं, "तुम्ही घेता ना गोळी?"

"ईस्टरपासून नाही. बरंय की आता."

खूप समजावलं. ते हसले. "तू आधी ते हेल्मेट डोक्यात घाल."

ते हँडलला लटकत होतं. मी तसाच निघालो.

तुम्हीच सांगा, कुणी सांगितलं तर ऐकतो आपण?