एवढी शिवण झाली की

सुईदादा बसल्या बसल्या झोपायचे. पडवीच्या खांबाला पाठ, मांडीवर होडीचं शीड, उजव्या हातात दाभण आणि मान छातीवर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामात अगदी बुडाला आहे. जवळ गेलं की घोरणं ऐकू यायचं. पण त्या झोपेत त्यांच्या हातून दाभण खाली पडलेला मी कधी पाहिला नाही. जाग आली की जिथे थांबले होते तिथूनच पुढचा टाका घालायचे, आणि आम्ही मुलं हसताना दिसलो तर म्हणायचे, "झोपलो न्हवतो गो. एवढी शिवन झाली का जरा टेकतो." आडवे होऊन टेकलेले मात्र ते कोणालाच दिसले नाहीत.

आम्ही रेवदंड्याला राहायचो. वडील शाळेत मास्तर, आणि आमचं बिऱ्हाड कोळीवाड्याच्या तोंडाशी, सुईदादांच्या घराच्या बरोबर समोर. त्यांचं खरं नाव गणपत. पण त्यांच्या बंडीच्या खांद्यावर दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असायची, देवळात जातानासुद्धा, म्हणून सगळे त्यांना सुईदादाच म्हणत. आधी ते होडीवर जायचे. देश स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्यांची बायको धाकटीच्या बाळंतपणात गेली आणि मागे तीन मुलं राहिली: माझ्या वयाची यमू, तिच्याहून लहान नारायण आणि नुकती जन्मलेली बायो. अशी पोरं घरात टाकून समुद्रावर जाणार कोण? सुईदादांनी होडी सोडली आणि ते घरी बसून वाड्यातल्या होड्यांची शिडं शिवू लागले. बसून म्हणायचं एवढंच. शिवता शिवता भात उतरवायचा, नारायणाचं नाक पुसायचं, बायोला पेज भरवायची, यमूची वेणी घालायची. त्यांनी घातलेली वेणी आठ दिवस सुटत नसे, कारण ती दोराच्या पिळासारखी असायची.

पोरांचे कपडेही तेच शिवायचे, आणि पहिल्यांदा त्यांनी जे केलं ते एखादा शिडं शिवणाराच करू जाणे. यमूला शाळेसाठी झगा हवा होता. त्यांनी उरलेल्या शिडाच्या कापडाचा झगा बेतला, दोऱ्याला मेण लावून दुहेरी शिवण घातली, आणि शिडाच्या कडेला असतो तसा घेराच्या कडेने आत चक्क दोर भरला. यमू शाळेत आली आणि खाली बसली. झगा बसला नाही. तो तिच्याभोवती टोपलीसारखा उभा राहिला. सगळा वर्ग हसला, मीही हसले. घरी जाऊन यमू झगा काढून उघडीच बसली तेव्हा सुईदादांना कळायचं ते कळलं. "कडंला दोर नसला तं वाऱ्यानं फाटतं," ते माझ्या आईला समजावत होते. आई म्हणाली, "अहो दादा, तिला कुठं समुद्रात सोडायचीय?" मग तिने माझा एक जुना फ्रॉक त्यांना दिला. त्यांनी तो पडवीत बसून सगळा उसवला, तुकडे उलटसुलट करून बघितले आणि पुन्हा होता तसा शिवून परत केला. पुढे तो फ्रॉक विरून गेला, पण त्याची शिवण शेवटपर्यंत सुटली नाही.

माप घ्यायला त्यांच्याकडे गाठी मारलेली एक दोरी होती. शिडालाही तीच आणि पोरांनाही तीच. पोरं मापाला उभी राहत नसत, त्यावर त्यांनी सोपा उपाय काढला होता. अंगावरचा कपडा शिवायचा असला की तोंडात काडी धरायची, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. सुईदादा जमेल तेवढं पोरांच्या अंगावरच शिवायचे. बटण तुटलं, या इकडे, धरा काडी. बाही लावायची, धरा काडी. "काडी पडली तं शिवन वाया," असा दम दिला की तेवढा वेळ पोर गप्प उभं राहायचं. नारायणाला तर कधी कधी काहीही शिवायचं नसताना काडी दिली जायची. माझी आई म्हणायची, दादांना शिवणापेक्षा शांततेचीच जास्त गरज आहे.

पण बायो रांगायला लागली आणि काडीचा उपाय अपुरा पडला. एका पावसाळ्यात दुपारी यमू आणि नारायण शाळेत होते, सुईदादांचा डोळा लागला, आणि बायो रांगत रांगत पार पुळणीवर गेली. भरतीची वेळ होती. उघडीप बघून जाळं वाळत घालायला आलेल्या एका म्हातारीने तिला उचलून आणलं, तेव्हा बायोच्या तोंडात वाळू होती आणि सुईदादा नुकतेच डोळे चोळत होते. त्यांनी लेकीला घेतलं आणि तिचं तोंड बोटाने साफ करत राहिले. वाळू संपली तरी ते बोट फिरवतच होते. त्या दिवसापासून त्यांनी मऊ सुताची एक दोरी केली. तिचं एक टोक बायोच्या कमरेला, दुसरं आपल्या पायाच्या अंगठ्याला. होडीवर असताना गळाची दोरी अशीच अंगठ्याला बांधून ते डुलकी घ्यायचे, मासा लागला की जाग यायची. "आता ही मासोली," ते म्हणायचे. बायो उंबऱ्याशी पोचली की त्यांचा अंगठा ओढला जाई, ते डोळे न उघडताच दोरी हळूहळू मागे घेत, आणि बायो खिदळत घसरत परत येई.

वाळूची गोष्ट मात्र वाड्यात राहिली नाही. ती मुंबईला, पोरांच्या मावशीपर्यंत पोचली. मावशी म्हणजे सुईदादांच्या बायकोची थोरली बहीण. तिला मूलबाळ नव्हतं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगते. आली ती बायोला पोटाशी धरून रडली, आणि मग पदराने डोळे पुसून सरळ म्हणाली, "भावजी, तुमच्यानं तीन पोरं सांबाळून व्हायची न्हाईत. या दोगांना ठेवा. धाकटी मना द्या. मी तिला फुलासारखी वाढवीन."

सुईदादा दोरा ओवत होते. ते म्हणाले, "एकीला दिली तं या दोगांनाबी वाटंल, आपलीबी पाली येनार."

"आन तुमी झोपंत असताना ती पान्यात गेली तं?"

वाड्यातली जाणती माणसंही मावशीच्याच बाजूने बोलली, आणि खरं सांगायचं तर माझ्या आईलासुद्धा तेच बरं वाटत होतं. शेवटी असं ठरलं की मावशी नारळी पौर्णिमेला पुन्हा येईल. त्या दिवशी सगळा वाडा नवे कपडे घालून मिरवणुकीने बंदरावर जातो. तिन्ही पोरं धडक्या कपड्यांत, न्हालेली-माखलेली दिसली तर ती गुमान परत जाईल. नाहीतर बायोला घेऊन जाईल. सुईदादांनी मान डोलावली.

ज्याला कोळीवाडा माहीत आहे त्याला यातली गोम कळेल. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि शिडांची सगळी डागडुजी तेव्हाच निघते. ती पुरी व्हायला हवी नारळी पौर्णिमेलाच, कारण त्यानंतर होड्या पाण्यात जातात. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम आणि पोरांचे कपडे, दोन्हींना मुदत एकच. शिडाला नाही म्हणावं तर खायचं काय? त्या दिवसांत त्यांचं घर म्हणजे नुसतं कापड झालं होतं. बाहेर पाऊस, म्हणून शिडं घरात. पोरं शिडांवर झोपत, शिडांवर जेवत, आणि त्यांना खरकटं सांडलं म्हणून ओरडायचंही त्राण सुईदादांत उरलं नव्हतं. त्यांचे डोळे लाल झाले होते. बोलताना ते वाक्य अर्धंच सोडून देत. आई एकदा म्हणाली, "दादा, पोरांचे कपडे मी शिवून देते." ते म्हणाले, "तुमी द्याल वहिनी. पन मंग ती म्हनंल, मास्तरनीनं केलं, यानं न्हाय. आन खोटं थोडंच बोलंल?"

यमूचा झगा झाला, नारायणाचा सदरा झाला. शेवटचं शीड होडीच्या मालकाची, नाखव्याची माणसं आदल्या दिवशी सांजवेळी घेऊन गेली. बायोचं झबलं अजून बेतलंही नव्हतं, कारण कापडच नव्हतं. पौर्णिमेच्या सकाळी आई नारळीभाताचं ताट घेऊन त्यांच्याकडे निघाली, तिच्या मागे मी. सुईदादांनी पेटी उघडली होती आणि त्यांच्या हातात बायकोचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं.

आई चटकन म्हणाली, "ते कापू नका हो. यमूच्या लग्नात लागेल."

"यमूचं लगीन व्हईपरत ही तिगं एका घरात तं रावदेत," ते म्हणाले आणि त्यांनी कात्री लावली.

वेळ नव्हताच. त्यांनी दोन मोठ्या शिवणी घातल्या, झबलं बायोच्या अंगात चढवलं, तिला उभी केली, तोंडात काडी दिली आणि अंगावरच घेराची कड शिवायला घेतली. बायोला नुकतं उभं राहता येत होतं. ती काडी चावत, माझ्याकडे बघत, डुलत उभी होती. बंदराच्या बाजूने वाजंत्री ऐकू यायला लागली, आणि त्याच वेळी मावशी दारात आली. तिच्या हातात पिशवी होती, आणि पिशवीतून मुंबईच्या फ्रॉकची पांढरी लेस बाहेर डोकावत होती. सुईदादांनी वर बघितलं नाही. "बस," ते म्हणाले, "एवढी शिवन झाली का..."

पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. हात चालू होता, पण मान खाली खाली जात होती. मला वाटलं, आता झोपतात, संपलं सगळं. मावशी जवळ आली. तिने झबल्याच्या कडेला हात लावला आणि तशीच थांबली. आपल्या बहिणीचं लुगडं कोणती बहीण ओळखणार नाही? मग पिशवी खाली ठेवून ती बायोच्या पलीकडच्या अंगाला बसली आणि म्हणाली, "भावजी, दुसरी सुई हाय का?"

सुईदादांनी खांद्यावरची सुई काढून दिली. एका बाजूने ते आणि दुसऱ्या बाजूने ती, असे दोघे कड शिवत एकमेकांकडे येत गेले. मध्ये भेटले तेव्हा मावशीने गाठ मारली आणि दोरा दातांनी तोडला. बायोने काडी थुंकली आणि वाजंत्रीच्या दिशेने रांगत धूम ठोकली. दोरी सोडायची सगळेच विसरले होते. सुईदादांचा अंगठा असा ओढला गेला की ते दचकून उभेच राहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी हसलं. हसली ती मावशी. बायोला मागायची गोष्ट तिने पुन्हा काढली नाही. दर वर्षी नारळी पौर्णिमेला मात्र ती येत राहिली, आणि येताना फ्रॉक नाही, कापड आणायची.

त्यानंतर सुईदादांना विसावा मिळाला असं सांगायला मला आवडलं असतं. मिळाला नाही. पोरं वाढत होती, उरलेल्या लुगड्याची झबली लांब होत गेली, शिडं येत राहिली. पुढे होड्यांना इंजिनं लागली तशी शिडं कमी झाली, मग ते जाळी विणू लागले, गोधड्या शिवू लागले. नारायण मुंबईला कामाला लागला, यमू वाड्यातच दिली. मीही लग्न होऊन अलिबागला गेले. तिथे दोन लहान मुलं, एक हातमशीन आणि शेजाऱ्यांची शिवणं असा माझा संसार सुरू झाला. एक मूल मांडीवर, दुसरं मशीनच्या चाकाशी, आणि परकर उद्या द्यायचा. तेव्हा मला सुईदादा कळले. अंग दुखणं वेगळं आणि असं दमणं वेगळं. या दमण्यात आपण दमलोय हे म्हणायलाही उसंत नसते. मी कितीदा तरी मशीनवर डोकं टेकून त्यांची आठवण काढली आहे आणि मुलांच्या तोंडात काडी दिली आहे.

बायोचं लग्न झालं तेव्हा मी रेवदंड्याला गेले होते. तिला दिघीला दिली होती आणि वऱ्हाड होडीनेच परत निघालं. होडी इंजिनाची होती, तिला शीड नव्हतंच. बंदरावर यमू रडली, नारायण रडला, म्हातारी झालेली मावशी तर ऐकेना. सुईदादा कोरडे उभे होते. होडी सुटायच्या आधी बायोच्या शालूची काठाशी थोडी शिवण उसवलेली त्यांना दिसली. त्यांनी खांद्यावरची सुई काढली, बायोने न सांगता खालची एक काडी उचलून दातांत धरली, आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहून त्यांनी चार टाके घातले. तोंडात काडी असल्यामुळे तिला निघताना काही बोलता आलं नाही. त्यांनाही ते बरंच वाटलं असावं.

दुपारी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले. पडवीत खांबापाशी कोणी नव्हतं. आत डोकावले तर सुईदादा चटईवर सरळ, पाय लांब करून घोरत झोपले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना आडवं झालेलं पहिल्यांदाच बघत होते. हातात सुई नव्हती. पायाच्या अंगठ्याला मात्र ती जुनी सुताची दोरी बांधलेली होती, आणि तिचं दुसरं टोक उंबऱ्यापर्यंत येऊन मोकळं पडलं होतं. माझा धाकटा तिला हात लावायला वाकला तसं मी त्याला उचलून घेतलं आणि आवाज न करता घरी आले. आई म्हणाली, जेवायला उठवलं नाहीस? मी म्हटलं, नाही, टेकलेत ते.